भावोजींची लसणाची पक्कड

माझ्या भावोजींना त्यांच्या कंपनीत सगळे 'थांबा' म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. त्यांचं काम लिफ्ट दुरुस्त करायचं. दुरुस्ती झाली, दिवा लागला, की ताटकळलेली माणसं आत घुसायला बघायची आणि हे दारात आडवा हात घालून म्हणायचे, "थांबा." मग एकटेच आत शिरायचे, वर जायचे, खाली यायचे, पुन्हा वर जायचे. लोक चडफडायचे. भावोजींचं म्हणणं एकच, पडायची असेल तर आधी माझ्यासकट पडू दे.

हा माणूस जात्याच भित्रा. ताकही फुंकून पिणारा म्हणतात तो हा. आणि फुंकताना ठसका लागेल म्हणून आधी पाण्याचा पेला जवळ ठेवणारा. उलट आमची ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, कुणाच्या बापाला न भिणारी. लग्नानंतर स्कूटर तीच चालवायची आणि हे मागे डोळे मिटून बसायचे. वळण आलं की तिच्या खांद्यावरची त्यांची बोटं रुतायची. घरी आल्यावर ती मला खांदा दाखवून हसायची. मीही हसायचे. मेहुणीचा हक्कच असतो तो, आणि मी तो पुरेपूर वसूल केला.

गेल्या वर्षी ताईला मेंदूचा झटका आला आणि हसणं संपलं. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. बोलणं गेलं. कसाबसा एकच शब्द उरला, 'नको'. पाणी हवं का? नको. खिडकी उघडू का? नको. कधी ते खरंच नको असायचं, कधी हो, कधी नुसतंच आपलं काहीतरी. ते चेहऱ्यावरून ओळखायचं.

पण या सगळ्याहून वाईट गोष्ट गळ्याची होती. घास पोटात जायचा सोडून श्वासनळीत जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. गिळण्याचे व्यायाम शिकवायला एक बाई घरी यायच्या. त्यांनी भावोजींना सगळं नीट समजावलं. पातळ पाणी द्यायचं नाही, घट्ट करून द्यायचं. घासात कण नको, गाठ नको, धागा नको. एक चमचा दिला की थांबायचं, घास उतरला का बघायचं, मग पुढचा. भावोजींनी मान डोलावली. थांबायचं त्यांना शिकवावं लागत नव्हतं.

मी त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर शिवणकामाचं दुकान चालवते. दुपारी शटर अर्धं ओढून वर जायचे. दार उघडलं की दिसायचं ते असं: ताई खिडकीपाशी उंच पाठीच्या खुर्चीत, पाठीशी दोन उशा, गळ्यात टॉवेल. समोर स्टुलावर भावोजी, हातात वाटी. चमचा भरायचा, वाटीच्या कडेला पुसायचा, उजेडात धरायचा, मग तिच्या तोंडात. आणि मग ते तिच्या गळ्याकडे टक लावून बघत राहायचे. घास उतरेपर्यंत ते स्वतः श्वास घेत नसत. ती जरा खाकरली तरी वाटी बाजूला जायची. वाटीत असायचं काय, तर उकडलेल्या बटाट्याचा नाहीतर भोपळ्याचा दुधात कालवलेला लगदा. मी एकदा चाखून बघितला. भिंतीला लावायची लांबी बरी लागेल.

ताई खाईना. चार-पाच चमचे झाले की तोंड मिटायची. वजन उतरत चाललं. दवाखान्यात तिला काट्यावर बसवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले की असंच चालू राहिलं तर पुढच्या भेटीत नाकातून नळी घालावी लागेल. ताईनं ते ऐकलं. तिला कळत सगळं होतं. तिनं डाव्या हातानं नाक झाकून घेतलं आणि "नको, नको" म्हणत राहिली. हा 'नको' ओळखायला चेहरा बघावा लागला नाही.

त्यानंतर एका दुपारी शेजारच्या घरात कुणीतरी लोण्यावर लसूण परतत होतं. वास खिडकीतून आत आला. ताईनं मान वळवली, डोळे मिटले आणि नाक भरून वास घेतला. तिच्या जेवणात लसूण फार. तिच्या स्वयंपाकघरात शिरलं की कपड्यांना वास चिकटायचा. भावोजी वाटी धरून तिच्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गिळण्याच्या बाईंना विचारलं, लसूण चालेल का. बाई म्हणाल्या, चव कसलीही चालेल, कण चालणार नाही.

मला वाटलं, झालं, प्रश्न सुटला. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. खलबत्त्यात ठेचा म्हटलं, तर एखादा तुकडा न ठेचता निसटतो आणि दगडाची कचही येते म्हणाले. खलात बोट फिरवून मला ती कच दाखवलीही. मिक्सर म्हटलं, तर दोन पाकळ्या पात्याला लागतच नाहीत, भांड्याच्या भिंतीला चिकटून बसतात. बाजारात तयार पूड मिळते, ती त्यांनी आणून बघितली, तर ताईनं थुंकून टाकली. सुरीनं कितीही बारीक केला तरी कण राहतोच. तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं की गार्लिक प्रेस म्हणून एक वस्तू मिळते. पाकळी आत ठेवायची, दांडे दाबायचे, जाळीतून लसूण बाहेर.

भांड्यांच्या दुकानात मला बरोबर नेलं हे माझंच दुर्दैव. भावोजींनी रुमालात सोललेल्या पाकळ्या बांधून आणल्या होत्या. दुकानातल्या बाईंनी काउंटरवर चार-पाच प्रेस मांडले. लाल दांड्यांचा एक दिसायला छान होता. भावोजींनी तो उघडला, मिटला, कानाशी नेला. मग जिथे दोन्ही दांडे खिळीनं जोडलेले असतात तिथे नख घासलं. नखावर चंदेरी चुरा आला. त्यांनी तो मला दाखवला आणि प्रेस खाली ठेवताना त्यांचा चेहरा असा झाला जणू तो चुरा ताईच्या घशात गेलाच होता. दुसऱ्याच्या जाळीची भोकं मोठी होती. तिसऱ्याचा दट्ट्या जाळीपर्यंत नीट पोचत नव्हता. पाकळी दाबली तर अर्धी आतच चपटी होऊन बसली आणि दांडा वाकायला लागला. दुकानात लसणाचा घमघमाट सुटला. मागे उभी गिऱ्हाइकं नाकं मुरडायला लागली. बाईंनी विचारलं, किती माणसांचा स्वयंपाक असतो तुमच्याकडे? मी म्हटलं, एका माणसाचा, आणि तेही चमचाभर.

शेवटी त्यांनी एक जडशीळ स्टीलचा प्रेस निवडला. त्याला ना रंग ना मुलामा. भोकं बारीक, दट्ट्या पाकळी ठेवायच्या वाटीत चपखल बसणारा, आणि जाळी बाहेर काढून धुता येणारी. जाळी उजेडाकडे धरून त्यांनी प्रत्येक भोकातून बघितलं. एखाद्या यंत्रावर माणसाचा विश्वास बसतो तेव्हा त्याचे खांदे जरा खाली येतात, तसे त्यांचे आले. मी त्या वस्तूचं नाव ठेवलं लसणाची पक्कड. त्यांनी मला दटावलं, पण दोन दिवसांनी तेही तेच म्हणायला लागले.

घरी त्यांचं काम बघण्यासारखं असायचं. पाकळी पक्कडीत ठेवायची, दोन्ही हातांनी दांडे सावकाश दाबायचे. जाळीतून पांढऱ्या शेवया निघाल्या की चमच्याच्या मागच्या बाजूनं खरवडायच्या. मग ते काचेच्या बशीवर पसरून त्यात कण शोधायचे. मग लोण्यावर मंद आचेवर परतायचे, रंग बदलायच्या आत बटाट्याच्या सुपात घालायचे आणि पुन्हा घोटायचे. पक्कड लगेच धुवायची, जाळीची भोकं दाताच्या ब्रशनं घासायची, कारण वाळलेला लसूण भोकात खड्यासारखा होतो. हे करताना त्यांच्या चेहऱ्यावर भीती नसायची. हातात हत्यार असलं की हा माणूस वेगळा दिसतो.

पहिल्या दिवशी ताईनं पहिला चमचा तोंडात घेतला आणि तिच्या भुवया वर गेल्या. अर्धी वाटी संपवली. मी दुकानात जाऊन एका ब्लाउजची बाही उलटी जोडली, इतकी मी खुशीत होते.

चार दिवस बरे गेले. पाचव्या की सहाव्या दुपारी मी दारातच होते. भावोजींनी चमचा दिला, तिनं गिळला, आणि ती खोकली. एकदा, दोनदा. मग खोकल्याचा आवाजच थांबला. तोंड उघडं, डोळे मोठे, आणि आवाज नाही. चेहरा लाल झाला, मग ओठ काळसर पडायला लागले. वाटी फरशीवर पडून फुटली. भावोजींनी तिला पुढे वाकवलं आणि गिळण्याच्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे पाठीवर तळव्यानं मारायला लागले. मी नुसती उभी होते. मला वाटलं, ताई गेली. आपल्या डोळ्यांदेखत गेली. मग एक उबळ आली, तिच्या तोंडातून लाळ आणि सूप बाहेर पडलं आणि तिनं घरघरत श्वास ओढला.

टॉवेलवर एक हिरवट, चिवट धागा होता, बोटाच्या पेराएवढा. भावोजींनी तो उचलला. बराच वेळ त्यांना कळेना की हा आला कुठून. पक्कड चांगली होती, जाळी चांगली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन टोपली बघितली. लसूण जुना होता, त्याला कोंब फुटले होते. कोंबाचा धागा लांबच्या लांब जाळीतून निघतो, बशीवर शेवयांसारखाच दिसतो, परतल्यावर सुपाच्या रंगात दिसत नाही, घोटून तुटत नाही. लसूण जुना असला की जाणती बाई पाकळी उभी चिरून कोंब काढते आणि तिला ते सांगावंही लागत नाही. यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पक्कड जोखण्यात सगळा जीव घातला आणि लसूण बघितलाच नाही.

त्यांनी पक्कड धुतली, पुसली, फडक्यात गुंडाळली आणि सर्वांत वरच्या फळीवर ठेवून दिली. त्यानंतर वाटीत पुन्हा नुसता बटाटा आला. आणि ताईनं तोंड उघडणंच बंद केलं. दोन चमचे, फार तर तीन. दवाखान्याची तारीख जवळ येत होती. मी धीर द्यायला जायचे आणि जिन्यात उभी राहून आधी स्वतःचे डोळे पुसायचे.

एकदा भावोजी औषधं आणायला खाली गेले. मी स्टूल घेऊन पक्कड काढली. नवा लसूण घेतला, पाकळ्या चिरून बघितल्या, दाबला, परतला, सूप घोटलं. भ्यायले होते मीही. पण मी मुळात रागीट बाई, आणि राग भीतीला जरा झाकतो. "खा," मी ताईला म्हटलं, "नाहीतर ते नाकात नळी घालतील." तिनं खाल्लं. एक, दोन, तीन, असे करत जवळजवळ वाटीभर. तेवढ्यात दाराची कडी वाजली. भावोजी आत आले, तिच्या गळ्यातल्या टॉवेलकडे, वाटीकडे, पक्कडीकडे बघत उभे राहिले. चेहरा पांढराफटक. ताईनं त्यांच्याकडे बघितलं आणि पुढचा चमचा आला तसं तोंड मिटून घेतलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती लगद्याला कंटाळली होती हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट समोर स्टुलावर बसायची. प्रत्येक घासाला हा माणूस तिच्याकडे असा बघायचा की जणू हाच तिचा शेवटचा. आयुष्यात कशालाही न भ्यालेली माझी बहीण आता त्या चेहऱ्यात बघून भीत होती. आणि कदाचित त्याला इतकं घाबरवायचं नाही म्हणूनही तोंड मिटत होती. दोन्ही असेल.

हे त्यांना सांगायचं कसं? मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि सांगून टाकलं. मला गोड बोलता येत नाही. म्हटलं, "भावोजी, ती तुमच्या तोंडाकडे बघते आणि मग गिळायला घाबरते."

ते ओट्याला टेकले. माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं, चिडले नाहीत. हळूच म्हणाले, "मग हे तोंड मी ठेवू कुठे?"

गिळण्याच्या बाई कधीपासून सांगत होत्या की चमचा तिच्या डाव्या हातात द्या, आपल्या हातानं खाणाऱ्याचा गळा जास्त तयार असतो. भावोजी ते टाळत आले होते. मी तेच पुन्हा सांगितलं. त्यांनी विचारलं, अडकलं तर? मी म्हटलं, अडकलं तर आपण दोघं इथेच आहोत, आणि पाठीवर मारता तुम्हाला येतं. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून पक्कड पुन्हा ओट्यावर आली. आता प्रत्येक पाकळी उभी चिरली जायची, कोंब असो वा नसो, तिथली रेघ सुरीच्या टोकानं खरवडली जायची. मग ताईच्या डाव्या हातात चमचा. भावोजी बाजूला बसायचे, समोर नाही, आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून ठेवायचे. चमचा वाकडा यायचा, अर्धं सूप टॉवेलवर सांडायचं, हनुवटीला लागायचं. ती खाकरली की त्यांचं अंग ताठ व्हायचं, पण ते जागचे हलत नसत. असं आयुष्यभर जीव मुठीत धरून बसलेल्या माणसाला मूठ उघडायला सांगणं सोपं नाही. ताईचं जेवण व्हायचं आणि यांचा सदरा घामानं ओला व्हायचा.

दवाखान्याच्या दिवशी मीही दुकान बंद ठेवून गेले. ताईला काट्याच्या खुर्चीवर बसवलं. भावोजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. नर्सनं आकडा सांगितला, डॉक्टरांनी मागचा आकडा बघितला. ताईनं पुन्हा नाक झाकून घेतलं होतं. वजन उतरलं नव्हतं, उलट काटा किंचित वर सरकला होता. डॉक्टर म्हणाले, नळीचं तूर्तास राहू द्या. मी भावोजींना हलवून सांगितलं. त्यांनी ऐकलं, बाकावर बसले, आणि मग त्यांना उठताच येईना. ताईची चाकाची खुर्ची मी ढकलत होते आणि यांना एका वॉर्डबॉयनं हात दिला.

घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. त्यांनी सूप केलं, आम्ही ताईला उशा लावून बसवलं, चमचा हातात दिला. ती भुकेलेली होती. सावकाश खात गेली. अर्धी वाटी झाल्यावर थांबली. मला वाटलं परत सुरू झालं. पण ती भावोजींकडे बघत होती. सकाळपासून त्या माणसाच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, हे मला सुचलं नव्हतं आणि त्यांनाही. तिनं चमचा भरला, वाटीच्या कडेला पुसला आणि डाव्या हातानं, हेलकावत, त्यांच्या तोंडाशी नेला.

ते म्हणाले, "तू खा. मी मागाहून घेतो."

"नको," ताई म्हणाली, आणि चमचा तिथेच धरून ठेवला.

भावोजींनी तोंड उघडलं. त्या सुपात चावण्यासारखं काही नव्हतं. त्यांनीच ते तसं केलं होतं. तरी ते किती तरी वेळ चावत राहिले, डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं तेही पुसेनात. आणि ताई पुढचा चमचा न भरता त्यांचा घास उतरायची वाट बघत बसली.